बुवापाड्यातला चढता आकडा

बुवापाड्याच्या आशा सेविका विशाखा तायडे यांनी मासिक बैठकीत रजिस्टर उघडले आणि सुपरवायझर मॅडमचा चहाचा घोट तोंडातच राहिला. अठराच्या आतल्या गरोदर मुली बाकीच्या सगळ्या वस्त्यांत गेल्या वर्षीपेक्षा घटल्या होत्या. विशाखाताईंकडे मात्र दोनाच्या पाच झाल्या होत्या.

"ताई, आकडा तुमच्याकडेच कसा वाढतो? करता तरी काय?"

"काही नाही हो मॅडम. नुसती विचारते."

खरे म्हणजे विशाखाताई वय विचारतच नसत. वय विचारले की सून तोंड उघडण्याआधीच आतून सासूचा आवाज येई, "एकोणीस पूर्ण!" म्हणून त्या चहा पिता पिता सहज विचारत, "दहावीला कुठल्या साली बसलीस गं?" सासवांनी सुनांकडून वय घोटून घेतले होते; दहावीचे साल घोटून घ्यायचे कोणालाच सुचले नव्हते.

"तिघींचं एकोणीस करून टाका. अहवाल बरा दिसेल," मॅडम हळूच म्हणाल्या.

"करते की. पण मग सतरा वर्षांची पायल जोखमीच्या यादीतून जाईल. तिच्या अंगात रक्त सातच आहे. दर आठवड्याला तिला तपासायला कोण बोलावणार? तुम्ही?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "राहू द्या पाच. पायल यादीतच राहील." मग त्या इतरांकडे वळल्या. "आणि तुम्ही काय विचारता गं?"

बाकीच्या आशा सेविका आपापली रजिस्टरे चाळू लागल्या. शेवटी शेजारच्या वस्तीच्या अस्मिताताई म्हणाल्या, "माझ्याकडे चौदाच्या चौदा जणी एकोणीस वर्षांच्या आहेत, मॅडम. मलाही जरा नवल वाटलंच होतं."