बाजार मोजायची दोरी

सोलापुरातून चादरी-टॉवेलांची गाठोडी घेऊन मी वीस वर्षं आठवडी बाजार करतोय. आधी एसटीने, मग जुन्या टेम्पोने. टेम्पोचे हप्ते मी एकट्याने फेडले. सोमवारी ज्या गावात बसतो ते अक्कलकोट रस्त्याला आहे. नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून बसायचं आहे.

बाजारात जागा धरली की ग्रामपंचायतीला पैसे द्यावे लागतात. त्याला बाजार पावती म्हणतात. पंचायत ही वसुली स्वतः करत नसे. दर वर्षी लिलाव व्हायचा. जास्त बोली लावणाऱ्याने ती रक्कम पंचायतीत भरायची आणि वर्षभर बाजारातून वसूल करत बसायचं. कित्येक वर्षं ठेका एकाच माणसाकडे होता. लिलावाला तो एकटाच यायचा, मागच्या वर्षीपेक्षा थोडं वर बोलायचा आणि चहा व्हायचा. नाव बाजार पावती, पण पावती तो कुणाला देत नसे. मी दर सोमवारी मागायचो. पुस्तक संपलंय, असं तो दर सोमवारी सांगायचा. एकदा गिऱ्हाइकांसमोर माझा आवाज चढला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "पावती पायजे तर ठेका घे की. दम हाय का?"

घराच्या स्लॅबसाठी बाजूला ठेवलेले पैसे घेऊन मी मार्चमध्ये लिलावाला गेलो.

घासाघिशीवर माझं पोट आहे. एखादी वस्तू हवी असेल तर ते तोंडावर दिसू द्यायचं नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवलंय. त्या दिवशी तेवढंच विसरलो. तो बोलला की मी त्याच्यावर बोलायचो. बोली कुठे पोचली म्हणजे मला झोप येणार नाही, याचा त्याला नेमका अंदाज होता. तिथे तो थांबला आणि हसून खाली बसला. ग्रामसेवकाने, म्हणजे आमच्या भाऊसाहेबांनी, "तीन वार" म्हटलं आणि ठेका मला पडला. घरी बायकोने एवढंच विचारलं, "मग स्लॅब कधी?"

पहिल्याच सोमवारी कळलं की निम्मा बाजार फुकट बसतो. कुणी सदस्याचा साडू, कुणी देवळाच्या पंचांचा माणूस. उपसरपंचांच्या भाच्याचा अंड्यांचा गाडा तर मोक्यावर, आणि त्याने आयुष्यात एक रुपया दिलेला नाही. उलट मेथीच्या चार जुड्या घेऊन बसणाऱ्या म्हातारीकडून बारा हात पसरलेल्या चपलावाल्याएवढेच पैसे जुना ठेकेदार घ्यायचा. वर एक जुडी.

मी एक सुती दोरी आणली आणि हाताहातावर गाठ मारली. जितक्या गाठी तितके पैसे. पाटीवालीची एक गाठ, चपलावाल्याच्या बारा. पावतीपुस्तकं छापून घेतली आणि नको म्हणणाऱ्याच्याही हातात पावती कोंबली. भाचा म्हणाला, मामाला विचारा. मी म्हणालो, माझी बोली मंजूर करताना मामांनीच हात वर केला होता. मग त्याच्या गाड्यापुढे स्टूल टाकून बसलो आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पंचायतीचे नियम समजावून सांगितले. तिसऱ्या सोमवारी त्याने पैसे दिले. मेथीवाली म्हातारी म्हणाली, "आता आमची जुडी आमालाच ऱ्हाती की." मी न्यायासाठी काही केलं नव्हतं. मला माझा स्लॅब परत हवा होता.

वर्षाअखेरीला हिशेब जेमतेम बरोबरीत आला. माझी मेहनत त्यात धरलेली नाही. तोवर सिमेंट-सळईचे भाव वाढले होते, आणि स्लॅब तेवढाच दूर राहिला.

पुढच्या लिलावात पंचायतीने माझीच बोली पायाभूत किंमत म्हणून लावली. त्याच्या वर ना जुना ठेकेदार गेला, ना मी. शेवटी ठरलं की पंचायत स्वतः वसुली करणार. मग भाऊसाहेब बाजारात माझ्या पालावर, चादरींच्या दुकानावर आले. कोण कुठे बसतो, त्याच्या गाठी किती, हे सगळं माझ्या वहीत होतं. त्यांना ती वही हवी होती, आणि दोरीही. म्हणाले, "मालक, गावाचं काम आहे." मी अट घातली की दर महिन्याची जमा आणि खर्च पंचायतीच्या फळ्यावर लिहायचा आणि पाटीवाल्या बायकांवर पत्र्याची सावली करायची. ते पहिल्याच शब्दाला हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणणाऱ्याला मी कधी उधार देत नाही, पण वही दिली.

ठराव झाला, फळाही रंगवला. भाऊसाहेबांचा सोलापुरात सत्कार झाला, उत्पन्न वाढवल्याबद्दल. भाषणात त्यांनी दोरीला आपला अभिनव उपक्रम म्हटलं. पंचायतीतर्फे त्यांना घालायची शाल माझ्याच पालावरून गेली. शिपायाने तिचीही किंमत पाडून घेतली.

तोच शिपाई आता हातात पावतीचं मशीन आणि खांद्यावर दोरी घेऊन फिरतो. माझ्या वहीत माझ्या पालापुढे गाठींचा आकडाच नव्हता, कारण माझ्या वर्षात मी स्वतःला मोजलं नव्हतं. त्याने दोरी टाकली. नऊ भरल्या. मी म्हणालो, सात लिही, कडेच्या दोन गाठी म्हणजे जायची वाट आहे. तो दोरी गुंडाळत म्हणाला, "मालक, दोरी तुमचीच हाय की."

नऊ गाठींचे पैसे दिले, आणि मशीनमधून पावती बाहेर येईपर्यंत हात पुढे धरून उभा राहिलो.

महिनाअखेरीला मी मुद्दाम फळा बघून आलो. जमेचा आकडा ठळक होता, आणि माझ्या नऊ गाठी त्यात असणार असं मी धरून चाललोय. खर्चापुढे लिहिलं होतं: सावलीचे काम प्रगतिपथावर. म्हातारी त्याच्या खालीच उन्हात बसली होती.

घरी बायकोने पुन्हा स्लॅबचं विचारलं. फळ्यावर वाचलं होतं तेच तिला सांगितलं.