मामांची टकटक आणि भाच्याचं यंत्र

भिंतीला भोक पाडायच्या आधी मामा मधल्या बोटाचं हाड तिच्यावर तीनदा वाजवायचे, जरा थांबायचे आणि सांगून टाकायचे: इथे पोकळ, इथे पाइप, इथे वायर. तीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. सगळा मोहल्ला त्यांना टकटकमामाच म्हणे. खरे मामा ते एकाचेच, आईबाप गेल्यावर घरी आणून वाढवलेल्या भाच्याचे. त्याच्या हातात ड्रिल दिलं तेही मामांनीच. आता तो चाळिशीचा बाप्या, धंद्यात निम्म्याचा भागीदार आणि नव्या हत्यारांचा भारी शौकीन. दर महिन्याला एक खोकं घरी यायचंच.

"अरे, या खेळण्यांनी कामं होतात होय?" मामा म्हणायचे. "विकणाऱ्याचं पोट भरतं, दुसरं काय!"

"बरं मामा," एवढंच भाचा म्हणायचा.

एक गोष्ट मामांनी बायकोलाही सांगितली नव्हती. त्यांचे कान गेले होते. आधी दाराची बेल गेली, मग फोन, मग बायकोची हाक. धंदा मात्र अडला नाही. टकटक ऐकू येईनाशी झाली, तेव्हा ती त्यांच्या हाडाला कळायला लागली होती. भिंत बोटाला दणका कसा परत देते, त्यावरून आतलं सगळं समजायचं. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून वेळ मारून नेता यायची. पण हे बाहेर फुटलं तर आपल्या हाती ड्रिल कोण देणार, ही धास्ती त्यांना सदा असायची.

चाळीस घरांच्या एका इमारतीत कपाटं बसवायचं काम निघालं. कारभार बघणाऱ्या बाई आधीच हबकलेल्या. मागच्या मिस्त्रीनं वायरीत ड्रिल घातलं आणि झटका बसून स्टुलावरून खाली आला.

"मला खात्रीचा माणूस हवा," बाई म्हणाल्या. "भिंत नक्की कोण बघणार?"

मामा पुढे झाले. टक, टक, टक. "वायर नाही. लोखंडी गज आहे. दोन बोटं डावीकडे पाडायचं."

भाच्यानं खिशातून नवंकोरं यंत्र काढलं. "मामा, यालाही विचारू. वायर असली की वाजतं."

"विचार की! होऊन जाऊ दे एकदाचं!"

यंत्रावर लाल दिवा होता. भाच्यानं त्याच्यावर अंगठा दाबून ठेवला आणि यंत्र भिंतीला टेकवलं. ते जे कोकलायला लागलं, की मामांच्या मागे उभ्या बाई दचकल्याच. मामा भाच्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो अगदी शांत होता.

"बघा बाई!" मामा खुशीत आले. "मिठाची गुळणी धरून बसलंय. माझं बोट खरं बोलतं की नाही?"

यंत्र कोकलत होतं. बापाच्या जागी असलेला माणूस हो, पण भाच्यानं त्यांना बोलू दिलं. मेल्याला जराही लाज वाटली नाही. मामा तीस वर्षांच्या भिंती सांगत सुटले, यंत्राला मुकं म्हणाले, ठोंब्या म्हणाले. बाईंना खुदकन हसू फुटलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मग भाच्यानं अंगठा उचलला.

लाल दिवा लुकलुकत होता. मामांनी दिव्याकडे पाहिलं, वळून बाईंकडे पाहिलं. तोंडचं पाणी पळालं.

"मामा, तुम्हाला ऐकू येत नाही," भाचा ओठ मोठे मोठे हलवत म्हणाला.

"गज आहे रे तो," मामा म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो, गजच आहे."

"बसा हं आजोबा," बाई म्हणाल्या आणि भाच्याकडे वळल्या. "काम तुम्हीच करा. यांना परत आणू नका."

मामांना त्यांचे ओठ स्वच्छ दिसले. पिशवी उचलून ते जिना उतरायला लागले.

भाच्यानं दोन बोटं डावीकडे मोजली आणि बेधडक ड्रिल घातलं.

"अहो, वायर!" बाई ओरडल्या.

"वायर कुठली? गजच आहे. हे गजालाही वाजतं, खिळ्यालाही वाजतं. मामांच्या बोटाची सर याला नाही यायची."

"मग तसं त्यांना सांगायचं ना!"

"मारा की हाक," भाचा स्क्रू पिळत म्हणाला. "अजून जिन्यातच असतील."