पोकळ दांड्याचा पुरावा

पहिल्या भेटीत हयवदन अण्णांनी सुचेताकडे पाहिलंच नाही. त्यांनी तिच्या हातातली कुंडी पाहिली आणि बंगळुरात बसवनगुडीतल्या त्या जिन्यात भूकंप झाला. निदान सुचेता ऑफिसात हकीकत सांगते तेव्हा तरी भूकंप होतो, कावळे उडतात, समोरच्या देवळातली घंटा आपोआप वाजते आणि सामानवाल्यांच्या हातून तिचा फ्रीज निसटून थेट रिक्षा स्टँडवर जातो. प्रत्यक्षात पुण्याहून आलेली ही नवी भाडेकरू लाल फुलांची कुंडी घेऊन वर चालली होती आणि खालच्या मजल्यावरचे घरमालक बनियनवर आडवे आले, एवढंच.

"काय म्मा हे?"

"ॲमरिलिस. नर्सरीवाला म्हणाला."

"उद्या तो मला जिराफ म्हणाला, तर पाला घालशील मला?"

अण्णा सुटले. खरं ॲमरिलिस दक्षिण आफ्रिकेतलं, त्याच्या जाती दोनच. हे दक्षिण अमेरिकेतलं हिपिॲस्ट्रम, चांगला नव्वद जातींचा गोतावळा. मध्ये अख्खा महासागर पसरलेला असताना माणसं दोघांना एकाच नावानं हाक मारतातच कशी?

"पण लिलीच ना शेवटी?" सुचेतानं समजुतीच्या सुरात विचारलं.

अण्णांनी डोळे मिटले. आतून त्यांच्या बायकोचा, अहल्याक्कांचा, आवाज आला, "अगं बाई, त्यांना लिली म्हणू नकोस! दोन दिवस जेवत नाहीत."

"कांद्याच्या कुळातलं आहे हे," अण्णा डोळे मिटूनच म्हणाले. "लिलीशी सोयरीक नाही."

अण्णांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आले आणि येताना माघार घ्यायची पद्धत बहुधा तिकडेच विसरून आले. अण्णा स्वतः एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात अटेंडर होते. वाळवलेली झाडं कागदावर चिकटवायची आणि खाली साहेब सांगतील ते नाव लिहायचं, हे काम त्यांनी सदतीस वर्षं केलं. झाडांच्या नावांवरचे वाद जगभर पिढ्यान् पिढ्या चालतात, हे त्यांना तिथेच कळलं. १९८७ साली बर्लिनच्या परिषदेनं ॲमरिलिस हे नाव आफ्रिकेच्या झाडाला कायमचं देऊन टाकलं. ती बातमी विभागात पोहोचली, पण कुणी कागदांना हात लावेना. मग अण्णांनी एका सुट्टीत बसून चाळीस कागदांवरची नावं बदलली. सोमवारी मेमो आला: 'अटेंडरने शास्त्र शिकवू नये.' तो मेमो लॅमिनेट होऊन आजही देवांच्या फोटोशेजारी लटकतो. अण्णा त्याला उदबत्ती ओवाळत नाहीत, पण अहल्याक्कांना खात्री नाही.

निवृत्तीनंतर रणांगण बदललं. वस्तीतल्या उद्यान मंडळाचं दर एप्रिलमध्ये पुष्पप्रदर्शन भरे. छापील यादीत गट सातवा: ॲमरिलिस. चिठ्ठीवर गटाचं नाव नसेल, तर कुंडी बाद. अण्णा दर वर्षी सुरेख अक्षरात 'हिपिॲस्ट्रम' लिहीत आणि दर वर्षी कुंडी काखोटीला मारून घरी येत. असं आठ वेळा झालं. त्यांना बक्षीस नको होतं. त्या टेबलावर कुंडी एकदा तिच्या खऱ्या नावानं उभी राहावी आणि परीक्षकानं तिच्यापुढे थांबावं, इतकीच त्यांची इच्छा होती.

"अण्णा, एक वर्ष ॲडजस्ट करा ना," नवव्या वर्षी सुचेता म्हणाली. "लिहा ॲमरिलिस. फर्स्ट प्राइज पक्कं!"

"सरी, लिहितो. आणि तुझ्या अपॉइंटमेंट लेटरवर सुशीला छापून आलं तर? स्वल्प ॲडजस्ट करशील?"

सुचेतानं कुंडी उचलली आणि रिक्षा थांबवली.

मंडळाचे सचिव फत्तेसिंगराव मिशा सावरत टेबलापाशी उभेच होते. "अण्णा, पुन्हा तेच? अहो, त्या कुळाचं नावसुद्धा ॲमरिलिसवरूनच पडलंय!"

"ते आडनाव झालं. आडनावानं हाक मारली, तर तुमच्या घरात सतरा जण ओ देतील."

"दिसायला दोन्ही सारखीच की हो!"

"दिसायला!" अण्णांनी खिशातून सुपारीचा अडकित्ता काढला. "आफ्रिकेवालीचा दांडा भरीव असतो. हिचा पोकळ."

वर्षातून एकदाच येणारा तो दांडा, वर चार टपोरी फुलं. सुचेता ओरडली, "अण्णा, बेडा! नको!" तोवर कचकन एक वार खाली कंदाजवळ, एक फुलांखाली. हातात उरलेली हिरवी नळी अण्णांनी डोळ्याला लावली आणि सचिवांवर रोखली.

"दिसताय हो, फत्तेसिंगराव! मिशीसकट आरपार दिसताय!"

लोक गोळा झाले. परीक्षक बाईंनी नळी मागून घेतली, स्वतः डोळ्याला लावली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे यांचं. यादीच चुकली आहे तुमची."

फत्तेसिंगरावांनी घाम पुसला. "मान्य. पुढच्या वर्षी बदलतो. पण आता फुलांना दांडाच नाही. प्रवेशिका बाद."

"खुशाल बाद करा!" अण्णा गरजले. "पण लिहिताना नीट लिहा, हिपिॲस्ट्रम बाद!"

तसं लिहून घेतल्याशिवाय ते हलले नाहीत. कापलेली फुलं सुचेताच्या पाण्याच्या बाटलीत घालून दोघं पायीच घरी आले. वाटेत अण्णांनी ओळख ना पाळख अशा तिघांना ती नळी दाखवली.

पुढच्या वर्षी यादी खरोखरच बदलली. गट सातवा: हिपिॲस्ट्रम. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी सातलाच हजर होते. हे नवं नाव कुणालाच ओळखू आलं नाही, म्हणून बाकीच्यांनी आपापल्या कुंड्या 'इतर फुलझाडं' या गटात लावल्या. सातव्या गटात अण्णांची आणि सुचेताची अशा दोनच कुंड्या आल्या. तीनपेक्षा कमी प्रवेशिका आल्या, तर नियमाप्रमाणे गट रद्द होतो. तो रद्द झाला.