आपल्या माणसाचं छत

झाशीच्या नगरा मोहल्ल्यातलं ते घर बाबांनी बघायच्या आधीच मनातल्या मनात घेऊन टाकलं होतं. कारण एकच, विकणारे काका मराठी! आई गेल्यापासून झाशीत बाबांशी मराठीत बोलणारी मी एकटी. माझी मुलं मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. काका घराचा पुढचा भाग विकून मागच्या खोलीत राहणार होते, म्हणजे घरही मिळणार आणि गप्पांना शेजारही. आंधळा मागतो एक डोळा!

मी म्हटलं, "बाबा, आमच्या गल्लीतल्या मिस्त्री भैयांना सोबत नेऊ. जुनं घर आहे."

"काहीतरीच! आपल्या माणसाच्या घरी भिंती ठोकत बसायचं? काय म्हणतील ते?"

झालं, मिस्त्रीशिवायच गेलो. चहा आला, चिवडा आला, आणि जवळच्या गुरसराय गावात कुणाचं आजोळ, कुणाची सोयरीक, असं सुरू झालं. दोघंही इतके खुश की मलाच माझ्या शंकेची लाज वाटू लागली. पण नाक खुपसायची माझी खोड काही जात नाही. कप हातात घेऊनच मी उठले.

पुढची खोली मोठी, हवेशीर आणि नुकतीच रंगवलेली. बाकी घर मात्र जुनंच पिवळट. एवढीच खोली का रंगवली असेल? दार लावून पाहिलं, तर लागेना. चौकट एका बाजूला झुकलेली. मग वर पाहिलं. इथल्या जुन्या घरांसारखंच छत, लोखंडी गर्डरवर दगडी पटिया, म्हणजे लांब फरशा. मधला गर्डर चक्क वाकलेला, आणि दोन पटियांवर सिमेंटच्या लांब रेघा, वरून पांढरा रंग. मनात पाल चुकचुकली.

काकांची खाट कुठे आहे म्हणून पाहिलं, तर मागच्या अंधाऱ्या, चिंचोळ्या खोलीत.

परत येऊन मी सरळ विचारलं, "काका, एवढी छान खोली सोडून तुम्ही आत्तापासूनच मागे का झोपता हो?"

बाबांनी डोळे वटारले. काका मात्र शांतपणे म्हणाले, "पुढचं छत खचतंय. मला भीती वाटते तिथे."

"मग आम्हाला सांगितलं का नाहीत?"

"याआधी आले ते सगळे मिस्त्री घेऊन आले, वर पाहिलं आणि गेले. तुम्ही वर पाहिलंच नाहीत. मला वाटलं, आपली माणसं आहेत, चालवून घेतील."

असा संताप आला मला! आपली माणसं म्हणून आमच्याच डोक्यावर पाडायचं? मी पर्स उचलली. बाबा मात्र हलेनात. त्यांचा चेहरा पार उतरला होता. बराच वेळ ते वर बघत राहिले. तसं त्यांनी आल्याबरोबर बघायला हवं होतं.

मग हळूच म्हणाले, "घर राहू द्या. पण मी नुसता गप्पा मारायला आलो तर चालेल?"

काकांचे डोळे भरून आले. "या ना," ते म्हणाले, "फक्त मागच्या दारानं या."