पाण्यावरचा नवरा नको

टोलो नदी डोंगरातून धिंगाणा घालत येते आणि शेवटचं वळण घेतलं की एकदम शहाण्या मुलीसारखी संथ होते. त्या वळणावर अल्डर बेंड वसलं. वसलं म्हणजे काय, कुणीतरी पाण्याच्या जोरावर करवत फिरवली, करवतीमागे माणसं आली, माणसांमागे दारूचा गुत्ता आला आणि गुत्त्यामागे घाईघाईने चर्च. घरं लाकडाची, रस्त्याकडेच्या पायवाटा फळ्यांच्या, आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे झटकले नाहीत तर अंगभर भुसा.

हिल्मा राउतिओ ही फिनिश बाई या गावात आली ती १९११च्या पानगळीत. वय एकोणतीस. तिचा नवरा अस्टोरियाला मासेमारी करायचा. नदी समुद्राला मिळते तिथे त्याची होडी उलटली. होडी सापडली, तो सापडला नाही. अल्डर बेंडच्या लाकूड-मिलमधल्या खानावळीला स्वयंपाकीण हवी आहे, एवढं कानावर आलं आणि ती एक पेटी नि कॉफीची किटली घेऊन निघाली. गाव नदीवर आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मिळालेल्या खोलीची खिडकी नेमकी नदीकडे. तिने पहिल्याच दिवशी खिडकीवर पोतं ठोकलं.

खानावळीत सत्तरेक माणसं जेवायची. स्वीडिश, फिनिश, आयरिश, सगळी भरती. जेवताना बोलायचं नाही, हा नियम. बोलणं आलं की भांडण येणार, आणि प्रत्येकाची कुऱ्हाड दाराबाहेरच उभी असायची. त्यामुळे "मीठ दे" आणि "बटाटे सरकव" यापलीकडे शब्द नाही. तबेल्यात घोडे चरताना जसा आवाज येतो, तसा येत राहायचा.

त्यात थोरवाल्ड नेस नावाचा एक उंच नॉर्वेजियन होता. तो ओंडकेवाला. हिवाळाभर वर जंगलात तोडलेलं लाकूड वसंतात बर्फ वितळलं की नदीत सोडायचे, आणि हे ओंडकेवाले तळाला खिळे ठोकलेले बूट घालून, हातात लांब आकडा घेऊन, वाहत्या ओंडक्यांवरून चालत ते मिलपर्यंत आणायचे. इतर जण जेवून बाहेर पळायचे, हा मात्र फडकं घेऊन मोरीपाशी येऊन उभा राहायचा.

"काय पाहिजे?" हिल्माने पहिल्यांदा विचारलं.

"काही नाही. ताटल्या पुसतो."

"त्याला ऑरिन आहे."

म्हातारा ऑरिन भांडी घासायचा. त्याची दोन बोटं करवतीने नेली होती. तो म्हणाला, "पुसू दे की बाई. माझी आठच बोटं. मदतीला नाही म्हणायची ऐपत नाही माझी."

असे दोन हिवाळे ताटल्या पुसण्यात गेले. एकदा हिल्माने वेलदोडा घातलेला गोड पाव भाजला होता. थोरवाल्डने तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"माझी आई अगदी असाच करायची."

"आई फिनिश होती?"

"नाही."

"मग असाच नसणार," हिल्मा म्हणाली, आणि दुसरा तुकडा पुढे सरकवला.

त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा तिने हात पुसले आणि सरळ सांगितलं, "माणूस तू चांगला आहेस. पण पाण्यावरचा नवरा मला पुन्हा नको. एकदा काठावर वाट बघत उभी राहिले, पुरे झालं."

थोरवाल्डने हातातली ताटली कोरडी केली, जागेवर ठेवली आणि गेला. दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो बूट हातात घेऊन. त्याने मुकादमाकडून फळ्या रचायचं काम मागून घेतलं होतं.

"हे जाळून टाक," तो म्हणाला. "आणि पुन्हा पाण्यावर पाय ठेवणार नाही, हा माझा शब्द."

त्याचे सोबती खूप हसले. "थोरवाल्ड, फळीवरून पडशील हं, जपून!" तोही हसला. लग्न झालं, पुढल्या वर्षी आयली झाली.

बूट हिल्माने जाळले नाहीत. माळ्यावर टाकले. दर वसंतात पाणी चढलं की थोरवाल्ड ओसरीवर जाऊन उभा राही आणि हातातली कॉफी गार होऊन जाई. तो कामावर गेला की ती माळ्यावर चढायची आणि कातडं तडकू नये म्हणून बुटांना डुकराची चरबी चोळायची. का, ते तिचं तिलाच कळत नसे.

पुढे खोऱ्यात आगगाडी आली. लाकूड तिच्यावरून यायला लागलं आणि जुने ओंडकेवाले कुणी दुसऱ्या गावी, कुणी दफनभूमीत गेले. आयली दहा-अकरा वर्षांची असताना पुराने वरचा रेल्वेपूल वाहून नेला. हिवाळ्याची सगळी तोड पुन्हा नदीत सोडावी लागली. गावाच्या वरच्या अंगाला ओंडके अडकले, अडकलेल्यांवर आणखी चढले, आणि बघता बघता घराएवढा ढीग झाला. मागे पाणी तुंबत होतं. ढीग एकदम फुटला असता, तर खालची आळी धुऊन गेली असती. लोक गाद्या-भांडी बाहेर काढू लागले. तरणी पोरं ढिगावर चढली आणि पांढरीफटक होऊन उतरली. सुरुंग लावला, नुसता आवाज झाला.

थोरवाल्ड ओसरीवर उभा होता. "कुठला ओंडका काढला की ढीग सुटेल ते दिसतंय मला," तो पुटपुटला.

हिल्मा वाट बघत राहिली. तो काही बोलेना.

"अरे, विचार ना!" ती एकदम ओरडली.

"काय विचारू? शब्द दिलाय तुला."

ती माळ्यावर चढली आणि बूट आणून त्याच्या पुढ्यात आदळले. थोरवाल्डने कातड्यावरून अंगठा फिरवला. कातडं लोण्यासारखं मऊ होतं.

"हे तू... दर वर्षी?"

"बोलत बसू नकोस. घाल."

आयलीला शेजारणीकडे सोडून हिल्मा नदीवर गेली. ऑरिन तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. थोरवाल्डच्या कमरेला दोर बांधला होता, तो दोन गड्यांनी काठावर धरला होता. ढिगाच्या तळाशी तो कुऱ्हाड चालवत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग दार कुरकुरावं तसा आवाज आला आणि अख्खा ढीग सावकाश हलला. थोरवाल्ड पळत सुटला. पायाखालचे ओंडके फिरत होते, बुडत होते, वर येत होते. काठ हातभर राहिला आणि शेवटच्या ओंडक्याने दगा दिला. गड्यांनी दोर खेचला. तो छातीएवढ्या पाण्यातून फरपटत आला, बरगडी मोडलेली, तोंड रक्ताने माखलेलं. मागून ढीग सुटा होऊन, गावाला न शिवता, पात्रातून खाली गेला.

"हिल्मा," तो धापा टाकत म्हणाला, "तू पाण्यात उभी आहेस."

ती गुडघ्यापर्यंत आत आली होती. "मग तू बाहेर ये," ती म्हणाली. "म्हणजे मलाही निघता येईल." आणि तिला रडू फुटलं. पुढे बरगडी जुळेपर्यंत तिने त्याला यथेच्छ बोलून घेतलं. तो निमूट ऐकायचा आणि पाव मागायचा.

त्यानंतर टोलोवर लाकूड कधी सोडलं नाही. खोऱ्यातली मोठी झाडं संपत आली आणि एके वर्षी मिलची करवत थांबली ती थांबलीच. अर्धं गाव गाड्या भरून निघून गेलं. करवतीशेजारी आयुष्य काढून थोरवाल्ड ठार बहिरा झाला होता. हिल्मा त्याच्या कानाशी वाकून बोलायची, तेवढं त्याला ऐकू यायचं. एका थंडीत तो झोपेतच गेला.

आयली पोर्टलंडला राहत होती. ती आईला न्यायला आली. हिल्मा म्हणाली, "आत्ता नको. कामाला लागलेय मी."

वनखात्याने बोडक्या उतारावर देवदाराची रोपं लावायला गावातल्या बायका घेतल्या होत्या. पंच्याहत्तरी ओलांडलेली हिल्माही पाठीला झोळी बांधून जात होती.

"आई, ही झाडं मोठी व्हायला साठ वर्षं लागतील! कोण बघणार?"

"बघेल कुणीतरी. तू रिकामी आहेस ना? मग खड्डे कर."

आयली कुरकुरत वर चढली. दिवसभर ती खड्डे करत गेली आणि हिल्मा रोप ठेवून टाचेने माती दाबत गेली. संध्याकाळी उतरताना आयलीची कंबर धरली होती. आईने तिचा दंड घट्ट पकडला होता. आधार देण्यासाठी की घेण्यासाठी, ते दोघींनाही नीट सांगता आलं नसतं. घरी येऊन त्यांनी घेवड्याचं कालवण गरम केलं आणि ओसरीच्या पायरीवर बसून, ताटल्या मांडीवर घेऊन, पोटभर खाल्लं.