साताऱ्याहून आलेला सेट-टॉप बॉक्स

आईने बॅगेतून मसाल्यांच्याही आधी घरचा, अँटेनावर चालणारा सेट-टॉप बॉक्स काढला. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. रिमोटवरची प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँडसुद्धा तसेच.

"अगं, इथे लिस्बनमध्ये याचा काय उपयोग?" मी वैतागले.

"का? आपली चॅनेल यातच आहेत की."

समजावत बसण्यापेक्षा जोडून दाखवणं सोपं होतं. खिडकीत अँटेना ठेवला. बॉक्सने निमूटपणे सहा चॅनेल शोधली, सगळी पोर्तुगीज. आईचा चेहरा पडला. मी बॉक्स काढायला गेले तर म्हणाली, "राहू दे. लागतंय ना काहीतरी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला, साताऱ्यात बसायची तशीच, ती भाजी निवडत बातम्यांसमोर बसते. एक शब्द कळत नाही. मला वाटायचं, नुसती सवय. माणूस देश ओलांडतो, पण सात वाजता कुठे बसायचं ते काही सुटत नाही.

काल ऑफिसातून आले, तर आई कोथिंबिरीची जुडी हातात तशीच धरून पडद्याकडे बघत होती.

"ही बातम्यावाली आली बघ परत. चार दिवस नव्हती, मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. आजारी असणार. आवाज अजून बसलेलाच आहे."

मी कान देऊन ऐकलं. खरंच बसला होता.

नऊ वर्षं मी या शहरात राहते, भाषाही येते. चार दिवस दिसलं नाही म्हणून मला चुकल्याचुकल्यासारखं व्हावं, असं इथे कोणी नाही.

मी पर्स खाली ठेवली आणि अर्धी जुडी माझ्याकडे ओढून घेतली.