आरोंद्याच्या परसात हॉप्स फुलले

मंडळी, आज सकाळी जे घडलं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाहीये.

मी गोव्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत बिअर बनवतो. बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी हॉप्सची फुलं परदेशातून येतात. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचा वास उडालेला असतो. म्हणून माझ्या गावी, गोव्याच्या हद्दीलगतच्या आरोंद्याला, घरामागे हॉप्सची वेल लावली. थंड देशातली वेल इथे फुलायची नाही, असं सगळेच म्हणाले.

आज मांयची हाक आली, "रे, बेगीन ये! तुझ्या वेलीक फुलां इली!"

मी एक फूल चुरगळलं. बोटांना पिवळी पूड लागली. मांयने माझा हात ओढून हुंगला.

"ह्येका आंब्याच्या मोहराचो वास येता रे!"

खरंच येत होता!

इतक्या लांबच्या वेलीला आमच्या मोहराचा वास कुठून आला असेल? कुणी सांगेल का?